चेहरा दाखवायचा नाही

(दृश्य: पहाट. ओटीवर ओळीने लावलेल्या स्लिपर. आत भांड्यांचा आवाज.)

या चित्रफितीत एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही. दिसतील त्या स्लिपर, पेजेच्या वाट्या, कॅरमवरचे हात. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार या बालगृहातल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही उघड करायचं नाही. केलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आम्ही गावाचंही नाव घेत नाही. कोकणात गाव कळलं की वाडी कळते आणि वाडी कळली की घर.

आसपासचे लोक या वास्तूला अजून 'रिमांड होम'च म्हणतात. 'नीट वाग, नायतर रिमांडात घालीन' ही धमकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वास्तविक ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याला निरीक्षणगृहात ठेवतात, आणि ज्याला काळजी व संरक्षणाची गरज आहे त्याला बालगृहात. हे बालगृह आहे. पण पाटी वाचतो कोण!

(दृश्य: रात्रीचं रेल्वे स्थानक. रिकामा बाक.)

मुलगा सापडतो तो बहुधा अशाच एखाद्या बाकावर. मुंबईच्या गाडीची वाट बघत, तिकिटाशिवाय. रेल्वे पोलीस हटकतात, किंवा कुणीतरी 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवतो. तिथून घड्याळ सुरू होतं. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. मुलाला कुठे ठेवायचं, हे ते ठरवतात.

पहिल्या रात्री इथे कुणी काही विचारत नाही. भात, कुळथाची पिठी, चादर. दुसऱ्या दिवशीही तो गप्पच. तिसऱ्या दिवशी कॅरमची सोंगटी उडते, भांडण होतं, आणि मग एकच वाक्य बाहेर येतं: "माका घराक जावचा नाय."

(दृश्य: एसटीची खिडकी. लाल माती, आंब्याची कलमं, कुलूप लावलेली घरं.)

म्हणून कुणीतरी त्या घरी जाऊन बघायचं असतं. सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत हवा, समितीचा निर्णय चार महिन्यांत. अहवाल लिहिणारी बाई दिवसाला दोनच फेऱ्या असलेल्या एसटीने जाते. घरात काय दिसतं? कधी दारू. कधी मारहाण. कधी दहावीचा निकाल आणि मोबाइलवरून झालेली झटापट. कधी ऑगस्टमध्ये मासेमारी बंदी उठताच ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेलेला पोरगा. चौदा ते अठरा वयात धोक्याच्या कामाला कायद्याने मनाई आहे, पण बंदरावर वय विचारतं कोण?

आणि कितीतरी घरांत दिसते फक्त आजी. वडील मुंबईला, आई त्यांच्याबरोबर किंवा कायमची निघून गेलेली. सत्तरीची बाई आणि पंधरा वर्षांचा दांडगा पोर, मध्ये कुणी नाही. ही मुलं बिघडलेली आहेत असं आपण म्हणतो. चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींवर उभ्या राहिलेल्या या मुलुखात, घरातला मधला माणूसच गेला आहे, हे मात्र कुणी म्हणत नाही.

मग समुपदेशक, शाळेचा दाखला, मुंबईला फोन. वडिलांना रजा मिळत नाही. खरंच मिळत नसेल, कुणास ठाऊक.

(दृश्य: ओटीवर माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट. भिंतीवर मुलांनी काढलेला गणपती.)

सगळ्यांत अवघड दिवस चतुर्थीचे. बालगृहातून घरी जायला रजा मिळते, साधारण सात दिवसांपर्यंत. कायद्याने कारणं दिली आहेत: परीक्षा, नातेवाइकाचं लग्न, मृत्यू, आईवडिलांचं गंभीर आजारपण. चतुर्थीचं नाव त्या यादीत नाही. यादी करणारा कोकणातला नसावा.

(दृश्य: समितीच्या कार्यालयाबाहेरचा बाक. म्हातारीचे पाय, बाजूला कापडी पिशवी.)

आज तारीख आहे. आजी सकाळच्या पहिल्या एसटीने आली. पिशवीत तांदळाचे लाडू. नातवाला परत न्यायचं की नाही, यावर तिने अजून काहीच सांगितलेलं नाही. बाईंना एवढंच विचारलं, "जेवता मा तो?"