आधी वायफाय विचारा, मग प्रोसेसर

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'लिनक्स वापरणाऱ्यांनी कॉलेजसाठी लॅपटॉप कसा निवडावा' (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट, खुली सिस्टिम), वेळ पाऊण तास, त्यातला पाव तास दीपप्रज्वलन आणि सत्कारात गेला, नारळ मिळाला, शाल मिळाली, मे महिन्यात सांगलीत शाल घालणाऱ्या संयोजकांचा मी मनापासून आभारी आहे. विषय पूर्ण करतो असं आश्वासन देतो, बाकीच्या आश्वासनांसारखंच धरा ते.

निम्मी मुलं बारावीची दिसतायत, निम्मे पालक, आणि पहिल्या रांगेत आमच्या लिनक्स ग्रुपची जुनी मंडळी, ज्यांना हे सगळं पाठ आहे, ते नंतरच्या चहासाठी येतात. त्यांच्यासाठी म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनच्या प्रिंटरची गोष्ट आज मी सांगत नाही. म्हणजे एवढंच, की १९८० च्या सुमारास एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला, त्यात कागद अडकायचा, जुन्या प्रिंटरला यानं प्रोग्रॅम बदलून सोय करून ठेवली होती की कागद अडकला की लोकांना मेसेज जाईल, नव्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, काही मिळेना, आणि १९८३ मध्ये त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला, सगळ्यांना खुली असेल अशी सिस्टिम बनवायचा. घ्या, नाही नाही म्हणत सांगितलीच. पण माझा मुद्दा त्यातच आहे ना! ही सगळी चळवळ एका ड्रायव्हरच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भांडणातनं निघाली आणि चाळीस वर्षं उलटली तरी आपण लॅपटॉप घ्यायला जातो तेव्हा भांडण तेच, फक्त प्रिंटरच्या जागी वायफायचं कार्ड आलंय, २२ बाय ३० मिलिमीटरचं.

मला लोक फोन करून काय विचारतात? आय फाइव्ह घेऊ का आय सेव्हन. रायझन चालतो का. अरे चालतो! इंटेल चालतो, एएमडी चालतो, लिनक्सला प्रोसेसरशी काही वैर नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही साधा लॅपटॉप आणा, लिनक्स त्याच्यावर उभं राहतं. पण उभं राहिल्यावर नेट लागतं का, झाकण मिटलं की झोपतं का, स्पीकरमधनं आवाज येतो का, हे ठरवणारी चिप वेगळीच असते आणि तिचं नाव खोक्यावर नसतं. खोक्यावर काय असतं? वायफाय ६. कुणाचं वायफाय ६? ते नाही. दुकानातल्या पोराला विचारा, तो म्हणतो सर एकदम फास्ट आहे. आणि गंमत म्हणजे मॉडेल नंबर तोच, रंग तोच, किंमत तीच, पण एका लॉटमध्ये इंटेलचं कार्ड आणि दुसऱ्या लॉटमध्ये दुसऱ्याच कुणाचं, जे त्या महिन्यात स्वस्त पडलं ते. म्हणजे मित्राच्या लॅपटॉपवर चाललं म्हणून तुमच्याही चालेल याची खात्री नाही.

आता माझ्या भाचीचं उदाहरण सांगतो. थोडक्यात.

कम्प्युटर ब्रांचला अ‍ॅडमिशन मिळाली, पुण्यात, हॉस्टेलवर. मी म्हणलं होतं की घेताना मला फोन करा. पण आमच्या दाजींचा स्वभाव असा की दिवाळीची ऑफर दिसली की यांचा हात खिशात गेलाच, बॅग फुकट, माऊस फुकट, वर एक हेडफोन, तो पहिल्या आठवड्यात एका कानानं बंद पडला ते सोडा. लॅपटॉप घरी आला, पूजा झाली, कुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्याच्या काचेवर, आणि मग मला फोन, मामा, लिनक्स टाकायचंय. टाकलं. वीस मिनिटांत झालं, स्क्रीन सुरेख, आवाज चालू, टचपॅड चालू, आणि वायफायच्या जागी काहीच नाही. बंद नाही हो, नाहीच. सेटिंगमध्ये वायफाय नावाची गोष्टच नाही, जणू कंपनीनं बसवलंच नाही.

बरं, ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर पाहिजे. केबल लावू म्हणलं तर लॅपटॉप इतका पातळ की लॅनचं भोकच नाही. मग मोबाईल यूएसबीनं जोडला, टेदरिंग चालू केलं (हे लिहून घ्या, हे जवळजवळ कायम चालतं), नेट आलं. कुणा भल्या माणसानं गिटहबवर, म्हणजे लोक आपले प्रोग्रॅम ठेवतात त्या साइटवर, ड्रायव्हर टाकला होता, तो उतरवला, कंपाइल केला, म्हणजे मशीनला चालेल असा करून घेतला, वायफाय आलं, टाळ्या. तीन आठवड्यांनी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला, वायफाय गेलं. पुन्हा कंपाइल, आलं. पुन्हा अपडेट, गेलं. पोरगी हॉस्टेलवर, मी इथे, सबमिशन उद्या, व्हिडिओ कॉलवर मी टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या, ओळी वाचून दाखवतोय आणि ती म्हणतेय मामा, डॅश एक की दोन?

दाजी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, लिनक्स टाकलं ना, वॉरंटी संपली. संपली कशी? वॉरंटी हार्डवेअरची, उद्या बिजागरी तुटली तर आत कुठली सिस्टिम आहे याच्याशी त्याचा काय संबंध? कुठे लिहिलंय दाखवा म्हणलं तर दाखवेना. सर्व्हिस सेंटरला नेला तर तिथलं उत्तर आणखी भारी, हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, विंडोज टाकून आणा, मग बघतो. म्हणजे आजार बरा करून या, मग तपासतो. मी दुकानाचं नाव घेत नाही, कंपनीचंही घेत नाही, सांगलीत निम्म्या लोकांनी ओळखलंय ते मला चेहऱ्यांवरनं कळतंय.

शेवटी सुट्टीत ती घरी आली तेव्हा लॅपटॉप उघडला. पाठीमागचे स्क्रू काढले, पट्टी हलेना, दोन स्क्रू मागच्या रबराच्या पायाखाली लपवलेले, ते रबर चाकूच्या टोकानं उचललं, मग जुनं एटीएम कार्ड कडेनं फिरवत नेलं तेव्हा टकटक करत झाकण सुटलं. पहिल्यांदा बॅटरीची पिन काढायची, हे विसरू नका. वायफायचं कार्ड एका स्क्रूवर असतं आणि त्याच्यावर दोन केसासारख्या अँटेनाच्या वायरी, एक काळी एक पांढरी, नखानं सरळ वर उचलायच्या, तिरक्या ओढल्या तर ते पितळी टोक तुटतं. नवीन कार्ड इंटेलचं एएक्स २१०, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं मागवलं, दीड-दोन हजारांच्या घरातलं. बसवलं, स्क्रू लावले, चालू केलं. वायफाय हजर. काहीही टाकावं लागलं नाही, टर्मिनल उघडावंसुद्धा लागलं नाही. त्यानंतर अपडेटनं कधी गेलेलं नाही. आता हे शक्य झालं कारण कार्ड वेगळं होतं, काही पातळ लॅपटॉपमध्ये वायफाय बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे हात जोडायचे. आणि एएक्स २१० आणि २११ यांत घोळ करू नका, २११ फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबर चालतं, रायझनवाल्याला ते शोभेचं.

हे असं का होतं, ते नीट ऐका, यात लिनक्सचा दोष किती आणि कंपनीचा किती. विंडोजचा ड्रायव्हर चिपवाला स्वतः लिहून देतो, लॅपटॉपबरोबरच येतो. लिनक्समध्ये ड्रायव्हर बिनबोभाट चालायला तो कर्नलच्या आतच यावा लागतो, चिपवाल्यानं कोड द्यायचा, तो तपासला जायचा, कर्नलच्या कुठल्यातरी आवृत्तीत यायचा, आणि मग तो कर्नल तुमच्या उबंटूत, म्हणजे लिनक्सच्या तयार रूपांपैकी एकात, यायचा. रिअलटेकची ८८५२ बीई घ्या, स्वस्त लॅपटॉपांत भरपूर दिसते. तिचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला ६.२ ला, फेब्रुवारी २०२३. आणि उबंटू २२.०४ निघालं एप्रिल २०२२ ला, कर्नल ५.१५ घेऊन. म्हणजे त्या वर्षी ज्यानं कोराकरकरीत लॅपटॉप घेतला आणि शहाण्यासारखं एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती, टाकलं, त्याला वायफाय नाही, आणि वर्षभरानं तोच लॅपटॉप त्याच माणसाला नवा कर्नल टाकल्यावर गुणी वाटायला लागला. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: लॅपटॉप थोडा मुरू द्या, बाजारात येऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं मॉडेल घ्या, लोणच्यासारखं. आजच लाँच झालं म्हणून धावू नका.

आणि मुलांनो, एवढं करून कॉलेजात गेल्यावर काय वापरायला सांगतात? अजून कितीतरी ठिकाणी टर्बो सी++, डॉसच्या जमान्यातलं प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर! निळी स्क्रीन, क्लिअर स्क्रीन, गेट कॅरेक्टर, व्हॉइड मेन. नव्वदच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर, लिनक्सचा जन्म १९९१ चा, म्हणजे दोघं एकाच वयाचे, एक आज जगातल्या सर्व्हरवर बसलाय आणि दुसरा आपल्या प्रॅक्टिकलला. लॅपटॉप साठ हजारांचा आणि त्याच्यात डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल, टाकून पाच ओळींचा प्रोग्रॅम. सरांना विचारा की जीसीसीवर, म्हणजे लिनक्सवरच्या सी कंपायलरवर, केलं तर चालेल का, बरेच सर हो म्हणतात, त्यांनाही कंटाळा आलेला असतो. आमच्या शेजारचा मुलगा विचारायला गेला तर त्याला सांगितलं, जर्नलमध्ये आउटपुटची स्क्रीन निळीच पाहिजे. मग त्यानं टर्मिनलचा रंग निळा केला. पूर्ण मार्क!

चिठ्ठी आली. आठ मिनिटं? अहो अजून विषय सुरू व्हायचाय. बरं, भराभर सांगतो, वह्या काढा.

पहिलं, नवा घेऊच नका. कंपन्यांनी वापरून सोडलेला ऑफिसचा लॅपटॉप घ्या, रिफर्बिश्ड, थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, त्यामुळे त्याच्या आधीचे चांगले लॅपटॉप भंगाराच्या भावात निघाले. तरी तुम्ही आठवीच घ्या, कारण पातळ लॅपटॉपांतला आय फाइव्ह सातव्या पिढीपर्यंत दोन कोरचा होता, आठव्यात चार झाले. म्हणजे आठवीचा आय फाइव्ह हा सातवीच्या दोन कोरवाल्या आय सेव्हनला भारी, आणि आय फाइव्ह की आय सेव्हनचं उत्तर मिळालं, पिढी विचारा. थिंकपॅड टी ४८०, लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी ५, तिघांतही रॅमचे दोन-दोन स्लॉट, वायफाय बहुतेक इंटेलचं. साधारण वीस-पंचवीस हजारांत मिळतात, भाव खालीवर होतो. बायोसला, म्हणजे सिस्टिमच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड असेल तर हात लावू नका. बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता लिनक्समध्ये दिसते, ती बघूनच पैसे मोजा.

दुसरं, रॅम. सोल्डर केलेली आठ जीबी घेऊ नका, चार वर्षं काढायचीत. १६ पाहिजे, किंवा आठ आणि एक स्लॉट रिकामा.

तिसरं, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. लिनक्सचा जन्मदाता लिनस टोरवाल्ड्स, त्यानं २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला काय दाखवलं ते यूट्यूबवर बघा, पालकांसमोर मला करून दाखवता येत नाही. २०२२ पासून एनव्हिडियानं ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केलाय, आता बरंच सुधारलंय, पण पहिल्या वर्षाला त्याची गरज काय? बॅटरी खातं, गरम होतं. एआय शिकायचंय म्हणणाऱ्यांना कूडा, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर गणितं करायचं सॉफ्टवेअर, लागतं हे खरं, त्यांनी घ्या, डोळे उघडे ठेवून घ्या.

चौथं, मॅकबुक. लिनक्ससाठी घेऊ नका, मॅकसाठी बनवलेलं आसाही लिनक्स अ‍ॅपलच्या एम १, एम २ चिपांवर छान चालतं पण ते हौशी लोकांचं काम. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवालेही तूर्त नकोत.

पाचवं, ब्रांच बघा. कम्प्युटर, आयटीला काही अडत नाही. इलेक्ट्रॉनिक्सला सर्किट काढायला कायकॅड आहे. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांनो, फ्रीकॅड कितीही आवडलं तरी कॉलेज ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सच मागणार, तुम्ही विंडोजचं पार्टिशन ठेवा, उगाच शहीद होऊ नका. ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअरही बऱ्याचदा विंडोजवरच चालतं. आणि पार्टिशन करायच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवा, फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका, हसू नका, असे लोक आहेत. काही इंटेल लॅपटॉपवर लिनक्स टाकताना डिस्कच दिसत नाही, घाबरू नका, बायोसमध्ये डिस्कच्या सेटिंगला व्हीएमडी किंवा आरएसटी नावाचं काहीतरी चालू असतं, ते एएचसीआयवर आणायचं, पण विंडोज ठेवायचं असेल तर आधी सेफ मोडची पद्धत वाचा, नाहीतर ते उठायचं नाही.

सहावं आणि खरं म्हणजे हेच पहिलं. दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन जा. मिंट किंवा फेडोरा, ही उबंटूसारखीच लिनक्सची रूपं, लाइव्ह म्हणजे थेट पेन ड्राइव्हवरनं चालवा, काही इन्स्टॉल होत नाही, दुकानदाराच्या विंडोजला धक्का लागत नाही. नेट लावा, यूट्यूब लावून आवाज बघा, कॅमेरा उघडा, झाकण पाच मिनिटं मिटून ठेवा आणि परत उघडा, तापलाय का बघा. टर्मिनलमध्ये lspci (एलएसपीसीआय) टाइप करा, आतल्या चिपांची यादी येते, नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ वाचा. दहा मिनिटांचं काम आहे. जो दुकानदार करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत असते तोपर्यंत हेच घरी करा.

हो, त्या ताईंचा हात कधीचा वर आहे. मराठी टायपिंग? सगळं आहे, इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड सेटिंगमध्ये नुसता निवडायचा, लोहित फॉन्ट बहुतेक लिनक्समध्ये मिळतो, त्याच्यावर आपल्या पुण्यातल्या रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या लोकांनी काम केलंय. फिंगरप्रिंट? ते नशिबावर, कित्येक सेन्सरना ड्रायव्हरच नाही, पासवर्ड टाका.

संपवतो, संपवतो. बाहेर टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवलेत, निम्म्यांवर मिंट, निम्म्यांवर फेडोरा. घेऊन जा, दुकानात वापरा, पण वहीत नाव आणि नंबर लिहून न्या आणि अ‍ॅडमिशन झाली की परत आणून द्या, मागच्या वर्षीचे अजून यायचेत.