बाहुलीच्या ताटातला बांगडा

24 सेंटीमीटरचा बांगडा 2 सेंटीमीटरमध्ये बसवायचा आहे. बाहुलीघरासाठी नेहमीचं माप 1:12, म्हणजे खऱ्यातला एक फूट इथे एक इंच. बाहुली बार्बीएवढी असेल तर 1:6, मग बांगडाही दुप्पट.

सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी फळं कोकणातल्या भातुकलीत पूर्वापार आहेत. आंबा, केळं, वांगं लाकडात छान जमतं. पण तिखल्याचा, म्हणजे माशांच्या तिखट कालवणाचा, रस्सा लाकडात कसा करणार? तिथे पॉलिमर क्ले कामाला येते.

नावात क्ले असली तरी ही खरी माती नव्हे. मुख्यतः पीव्हीसी या प्लास्टिकची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग. पाणी नाही, त्यामुळे ती वाळत नाही, भाजावी लागते. आषाढात शाडूची मूर्ती वाळता वाळत नाही. क्लेला त्या दमट हवेचं काहीच नाही. तिला त्रास मे महिन्याचा. बोटांच्या उबेनेच चिकट होते, मग थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची.

आता भाकरी बघा. तांदळाची, म्हणून पांढरी क्ले घेतली, पण नुसता पांढरा घेतला तर प्लास्टिकची बशी वाटते. त्यात थोडी पारदर्शक क्ले आणि पिवळसर मातकट रंगाचा कण मळायचा. जुन्या टूथब्रशने वर हलकं ठोकलं की पीठ दिसायला लागतं. कोरड्या पेस्टल खडूची ब्लेडने खरवडलेली भुकटी ब्रशने टेकवली की तव्याचे डाग. डाग सारखे पडले तर भाकरी फसली! एका बाजूला जरा जास्त करपलेली हवी.

बांगड्याची पाठ निळी-हिरवी, तिच्यावर काळसर रेघा, पोट चंदेरी. चंदेरीसाठी अभ्रकाची चमकदार पूड. इथे परीक्षक घराघरांत आहेत. शेजारच्या काकी दारातूनच म्हणतात, "अगो, बांगड्याचा तोंड येदा लांब नसता!" आणि तोंड खरंच आखूड करावं लागतं.

रस्सा म्हणजे लिक्विड (पातळ) क्लेमध्ये लाल-केशरी भुकटी. त्यात तिरफळं, माशाच्या कालवणात घालतात तो मसाला: सुईच्या टोकावर मावणारे काळपट ठिपके. मुंबईच्या गिऱ्हाइकाला ती दिसायची नाहीत. मालवणातल्याला नसली तर लगेच कळतं.

भाजणं पाकिटावर लिहिलेल्या तापमानालाच, बहुतेक 110 ते 130 अंश सेल्सिअस, साधारण अर्धा तास. ओव्हनच्या बटणावर भरवसा नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. तापमान फार चढलं तर क्ले जळते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू सुटतो. ओव्हन बंद, खिडक्या उघड्या. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी न वापरलेलाच बरा. आणि पावसात मध्येच लाइट गेली तर? काही बिघडत नाही. आली की पुन्हा भाजायचं.

सोलकढी सगळ्यात शेवटी, रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रवात. सगळ्यात जास्त वाद हिच्यावरच. गुलाबी जरा चढला की रोझ मिल्क होतं, उतरला की ताक. वर कोथिंबिरीचे कण हवेतच, निदान या घरात.

हे सगळं चिमुकलं, म्हणून तोंडात घालणाऱ्या पोरांच्या हाती अजिबात द्यायचं नाही. मोठ्या मुलींच्या बाहुल्यांसाठी वाट्या ताटाला चिकटवूनच देतात. भाताची शितं मात्र सुटी करत नाहीत. खरं शीत सहा मिलिमीटरचं धरलं, तरी इथे अर्ध्या मिलिमीटरचं होतं. शिंक आली की भात गेला.