वाफसा बघून पाणी

नमस्कार श्रोतेहो. एप्रिल लागला की संध्याकाळी आपल्या कोल्हापुरात घरोघरी हेच दिसतं. हातात पाइप, तोंडाशी अंगठा आणि लॉनवर पाच मिनिटं फवारा. माती काळी दिसली की पाइप गुंडाळून ठेवायचा. मीही कित्येक उन्हाळे असंच केलं, आणि दर मे महिन्यात लॉनला पिवळे चट्टे पडायचे.

एकदा अशाच चट्ट्यात खुरपं खुपसून ढेकूळ वर काढलं. वरची पेरभर माती ओली, खाली नुसता भुगा. मुळं त्या पेरभर ओलीतच गुंतलेली. पाणी वरच मिळतं म्हटल्यावर ती खाली कशाला जातील? आणि दुपारच्या उन्हात तीच पेरभर माती सगळ्यात आधी सुकते.

आपला शेतकरी पाणी सोडण्याआधी वाफसा बघतो. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटानं ढकलला की फुटावा. लॉनलाही हेच लागू आहे. चार इंच खोलवरची माती गोळा होत असेल तर आज पाणी नको. होत नसेल तर मात्र पोटभर द्या. शंभर चौरस फुटांना १५ लिटरच्या बारा बादल्या, म्हणजे साधारण २० मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून निम्मं द्या, अर्ध्या तासानं उरलेलं. वेळ पहाटेची. संध्याकाळी भिजवलेलं गवत रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. दिवसा कधी पाइप लावावाच लागला, तर आत तापलेलं पाणी आधी बादलीत सोडा. त्यानं कोवळी रोपं अक्षरशः पोळतात.

उन्हाळ्यात लॉन बारीक कापू नका. दोन इंच उंची राहू द्या, एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका. गवताची स्वतःची सावलीच मुळांना थंड ठेवते. युरियाही या दिवसांत नकोच.

फुलझाडांसाठी मात्र आपल्या जिल्ह्याइतकी सोय क्वचितच कुठे असेल. उसाचं पाचट! शिवारात ते पेटवलेलं दिसलं की माझा जीव तुटतो. वडणग्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मी दोन पोती आणते आणि जास्वंद, मोगऱ्याच्या आळ्यात चार बोटं जाड पसरते. भर दुपारी त्याखाली हात घातला तर माती गार लागते. खोडापासून वीतभर जागा तेवढी मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी चढते. आळंही खोडाला चिकटून नको. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, पाणी तिथं पोचलं पाहिजे.

आणि पाण्याची टंचाई आलीच, तर आधी झाडं जगवा. अंगणात हरळीचं लॉन असेल तर ते खुशाल पिवळं पडू द्या. हरळी म्हणजेच आपली गणपतीला वाहायची दूर्वा. वरून वाळली तरी जमिनीतल्या तिच्या काड्यांत जीव असतो. वळवाचा एक चांगला पाऊस झाला की आठवड्याभरात पेऱ्यापेऱ्यातून हिरवे कोंब फुटतात. त्या दिवशी पाइपाला हात लावू नका. आधी खुरपं घ्या, ओल किती खोल गेली ते बघा. नमस्कार.