नदीवरची पाणी योजना: मालकी कोणाची ठेवायची?

नमस्कार मंडळी. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, कुठल्याही नदीकाठाने जा, जॅकवेल, म्हणजे पंप बसवायची नदीकाठची विहीर, आणि वर चढत गेलेली पाइपलाइन दिसतेच. आज पंपाच्या कंपनीबद्दल नाही, मालकीबद्दल बोलायचंय. नवीन योजना काढताना गावं मोटर आधी ठरवतात आणि मालकी शेवटी. खरं तर उलटं करायला हवं.

[स्क्रीनवर: ५० लिटर प्रति सेकंद, ६० मीटर उंची]

आधी हिशोब. सेकंदाला ५० लिटर पाणी, पाइपातलं घर्षण धरून ६० मीटर उंच चढवायचंय. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर साधारण ४५ किलोवॅट, म्हणजे ६० एचपीची मोटर लागते. वीज ८ तास मिळाली तर दिवसाला १,४४० घनमीटर पाणी येतं. एका एकराला एका पाळीत साडेसात सेंटिमीटर पाणी द्यायला सुमारे ३०० घनमीटर लागतं. म्हणजे दिवसाला पावणेपाच एकर, आणि दर १२ दिवसांनी एक पाळी धरली तर ५७ एकर. गळती अजून धरलेलीच नाही. तरी भागभांडवल जमवायच्या नादात शंभर एकर नोंदवले जातात, आणि मे महिन्यात टेलची, म्हणजे पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाची, पाळी पंचवीस दिवसांवर जाते. तिथून भांडणं सुरू.

आता मालकी. चार-पाच जणांची भागीदारी असेल तर निर्णय झटक्यात होतात. पण बाकीचे शेतकरी फक्त गिऱ्हाईक. शेतापर्यंत दुसरी पाइपलाइन नसते, त्यामुळे मालक सांगेल तो दर.

सहकारी संस्थेसाठी १९६० च्या सहकार कायद्यात वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात. उपसा सिंचन संस्थेला मात्र ५ जणांवरही नोंदणी मिळू शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मत एकाला एकच, जमीन अर्धा एकर असो नाहीतर दहा. अर्धा-पाऊण एकरवाल्याच्या हातात दुसरं काही नसतं, म्हणून मला हीच पद्धत जास्त योग्य वाटते. शेअर मात्र एकरावर घ्या, नाहीतर पाइपलाइनचा खर्च उभा राहणार नाही. आणि जमीन विकली तर शेअरचं काय, हे उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, पहिल्याच दिवशी लिहा.

शेतकरी उत्पादक कंपनीलाही पाणी आणि विजेची कामं करता येतात, तिथेही सभासदाला एकच मत. फक्त पाण्यासाठी मात्र ती काढू नका. सीए आणि दरवर्षीच्या कंपनी फायलिंगचा खर्च ५७ एकरांवर बसतो.

संस्था सहसा बंद पडतात त्या घसाऱ्यामुळे, म्हणजे झिजत जाणारी यंत्रं बदलायला पैसे बाजूला न ठेवल्यामुळे. कायद्याने निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. पण पाणीपट्टी कमी ठेवून नफाच दाखवला नाही, तर निधी कुठून येणार? समजा पंप-मोटर ८ लाखांची आणि आयुष्य १० वर्षं. मग वर्षाला ८० हजार, म्हणजे एकरी सुमारे १,४०० रुपये फक्त ह्याच कामासाठी वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. पाइपचं वेगळं. वीजबिल आणि पाटकऱ्याचा, म्हणजे शेतांना पाणी सोडणाऱ्याचा, पगार निघाला की दर बरोबर, असं समजणाऱ्या संस्थेची मोटर जळाली की वर्गणी काढायची वेळ येते. वर्गणी गोळा होईपर्यंत ऊस वाळतो.

वसुली ऊसबिलातून होते, ही आपल्या भागाची मोठी सोय. पण कारखान्याला सभासदाचं सहीचं संमतीपत्र लागतं. ऊस दुसऱ्या कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला गेला की कपात सुटते. म्हणून निम्मी पट्टी लागणीच्या वेळी रोख घ्या.

पुराचंही बघा. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. रात्री दोनला मोटर वर काढायला क्रेन बोलवायची तर सभा कोण घेणार? ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार अध्यक्ष आणि सचिवांना आधीच ठरावाने द्या. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होते, तिथे त्याचा हिशोब मांडा.

विजेसाठी अशीच संस्था काढावी का? मुळा-प्रवरा वीज संस्थेने श्रीरामपूर भागात अनेक वर्षं वीज वाटली. घाऊक विजेची थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये वितरण महावितरणकडे गेलं. नदीतून आपण स्वतः पाणी उचलतो. वीज मात्र दुसऱ्याकडून विकत घेऊन वाटायची, आणि शेतकऱ्याला स्वस्तात. ही तफावत कोण भरणार, हे लेखी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या योजनेची एकरी पट्टी आणि पाळीचे दिवस कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत उपविधीचा मसुदा कलमवार घेऊ.