चिरा, गवंडी आणि 1380 कोटी वर्षं

नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्याला घेऊन मी उक्षीला गेलो, आपल्या रत्नागिरी तालुक्यातलंच उक्षी, तिथला कातळात कोरलेला हत्ती दाखवायला. पोरगं खूप वेळ बघत बसलं आणि मग म्हणालं, मामा, हत्ती माणसांनी काढला, मग कातळ कुणी काढला?

मी सांगितलं, कुणी नाही. जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून लाव्हा आला, त्याचा काळा दगड झाला, पुढे लाखो वर्षांच्या पावसाने आणि उन्हाने त्याचा जांभा झाला. बरं, मग पाऊस कुणी केला? आणि ते असं मागे मागे जातच राहिलं.

आमच्या वाडीतले बुवा कीर्तनात नेहमी सांगतात, चिरा आपणहून चिऱ्यावर चढत नाही, घर दिसलं म्हणजे गवंडी असणारच, मग एवढ्या विश्वाला कर्ता नको? ऐकायला चोख वाटतं, मलाही खूप वर्षं पटायचं. पण उक्षीला माझ्या लक्षात आलं की हत्ती बघून आपण माणूस ओळखतो कारण दगडावर छिन्नी चालवणारी माणसं आपण पाहिलीत, गवंडी पाहिलेत. विश्व घडताना कुणी पाहिलंय? दुसरं एखादं विश्व आहे का हाताशी, तुलना करायला? डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात साधारण हाच आक्षेप घेतला होता.

मग लोक बिग बँगकडे वळतात, म्हणजे विश्व एका अतिशय तापलेल्या, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आलं या सिद्धांताकडे. सुरुवात सापडली ना, 1380 कोटी वर्षांपूर्वी, मग सुरू करणारा पण सापडला! बिग बँग हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते रेडिओवरच, 1949 मध्ये बीबीसीवर खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल बोलत होते. त्यांना स्वतःला ती कल्पना मान्य नव्हती, आपले जयंत नारळीकर पुढे त्यांच्याच सोबत काम करत होते, विश्वाला सुरुवातच नाही अशा बाजूने. 1965 मध्ये सगळ्या दिशांनी येणारा एक मंद रेडिओ लहरींचा आवाज, त्या तापलेल्या सुरुवातीची उरलेली खूण, सापडल्याचं जाहीर झालं आणि बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँगकडे झुकले, तरी नारळीकर सर शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले, आणि मला त्यांचं ते फार मोलाचं वाटतं.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच माणसाबद्दल. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे कॅथलिक पाद्री, 1927 मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावतंय असं मांडलं आणि 1931 मध्ये सगळं एका आदिम अणूतून निघालं असं. म्हणजे देवावर पूर्ण विश्वास असलेला माणूस. 1951 मध्ये पोप बारावे पायस म्हणाले की विज्ञान आता निर्मितीची साक्ष देतंय, तर खूश व्हायचं सोडून लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं असं की हा सिद्धांत देवाच्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे, देव मानणाऱ्याने आणि न मानणाऱ्याने दोघांनीही तो वापरावा. विचार करा, स्वतःच्या हाताने आयता पुरावा नाकारणारा भक्त!

आणि त्यांचं बरोबरच होतं. बिग बँगची गणितं अतिशय तापलेल्या, दाट अवस्थेपासून पुढचं सांगतात, अगदी शून्य क्षणाला ती थांबतात. तिथे आज देव बसवला आणि उद्या कुणी ते गणित सोडवलं, तर देवाला उठवायचं का तिथून? आपल्याकडे ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर सरळ म्हणतं की देवसुद्धा या सृष्टीच्या नंतरचे, आणि शेवटी, ही सृष्टी कुठून आली ते वर बसलेल्या त्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल.

मी देव मानतो. शिमग्यात पालखी दारात आली की गाऱ्हाणं ऐकताना माझे डोळे भरून येतात, मुंबईला गेलेल्या पोरांना सुखी ठेव म्हणतो. त्या वेळी बिग बँग मनात येत नाही.

भाचा आता येईल गणपतीत. पाऊस कुणी केला, ते अजून त्याला सांगायचं राहिलंय, ढग आणि समुद्रापासून सुरुवात करणार आहे.