सकाळचं गार इंजिन

सकाळचे सहा. कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू झालीय. दारातली गाडी रात्रभर उभी आहे, इंजिन पूर्ण गार आहे. तपासायला हीच वेळ. तापलेल्या इंजिनात बरेच दोष झाकले जातात.

चावी फिरवायच्या आधी बॉनेट उघडा. गाडी सपाट जागेवर हवी. ऑईलची पट्टी काढा, फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑईल दोन खुणांच्या मधे हवं. काळं दिसलं म्हणून घाबरू नका; डिझेल गाडीत ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. दुधाच्या चहासारखं दिसलं, तर मात्र गाडी चालूच करू नका. ऑईलमधे पाणी नाहीतर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, मिसळलंय.

2019 च्या ऑगस्टमधे आणि 2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं, गाड्या जागेवर बुडाल्या. पाणी ओसरल्यावर 'एकदा स्टार्टर मारून बघू' असं वाटणं साहजिक आहे. पण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरात ते साठलेलं असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी टोचन करूनच न्यायची.

पावसाळ्यात नुसत्या ऑईलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली आणि पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असलं, तर बहुतेक वेळा ती वाफ असते. रोज दोन किलोमीटर जाऊन येणारं इंजिन नीट तापतच नाही. एकदा पन्हाळ्यापर्यंत चक्कर मारा, मग परत बघा.

आता गाडी चालू करा, उघड्यावरच. सायलेन्सरमागे घरातलं कुणीतरी उभं राहू दे. सुरुवातीची पांढरी वाफ विरून जाते. न विरणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे ऑईल जळतंय, आणि तो केव्हा येतो ते नीट लक्षात ठेवा.

कारण उद्यमनगरातल्या गॅरेजात गेल्यावर 'गाडी धूर टाकते' एवढ्यानं मिस्त्रींचं काम भागत नाही. 'सकाळी चालू करताना निळा येतो, मिनिटभरात थांबतो' म्हटलं की त्यांची नजर व्हॉल्व्हच्या सीलकडे जाते. 'चढाला रेस दिली की येतो' म्हटलं, तर ते प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजतात. मग सिलिंडरात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजतात. काटा वर गेला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.