ताकदीचा भाव मिनिटावर काढा

(चिपळूणला गॅरेजवाल्या मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मंडळी, गाडीची ताकद वाढवायची म्हटलं की पोरं पहिलं विचारतात, नायट्रस (बाटलीतून इंजिनात सोडायचा नायट्रस ऑक्साइड) स्वस्त की सुपरचार्जर (इंजिनावरच चालणारा हवेचा पंप)? किटची किंमत बघितली तर उत्तर सोपं आहे. पण मी भाव मिनिटावर काढतो.

हा धंदा अमेरिकेत रुजलेला, म्हणून तिथलेच ढोबळ आकडे घेऊ. शंभर हॉर्सपॉवर वाढवणारं नायट्रस किट ८०० डॉलरच्या आसपास, सुपरचार्जर ६,००० च्या आसपास. फरक ५,२०० चा. दहा पौंडांची बाटली भरायला धरा ७५ डॉलर, आणि शंभर हॉर्सपॉवर घेतलीत तर ती दीड-दोन मिनिटांत संपते. म्हणजे त्या फरकात ६९ बाटल्या, सगळ्या मिळून जेमतेम दोन तासांची ताकद. त्यानंतर नायट्रसच महाग.

सुपरचार्जर म्हणजे लोहाराचा भाता. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. फिरण्यासाठी तो इंजिनाचीच थोडी ताकद खातो, पण कुंभार्ली घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत थांबत नाही. बाटलीतली ताकद तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच संपेल. ट्रॅकवर दहा-बारा सेकंदांची सरळ धाव असेल, तीही महिन्यातून एखाद्या रविवारी, तर मात्र मी नायट्रसच घ्या म्हणेन. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६. ऑक्सिजन जास्त, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं; वाढीव ताकद ती हीच. शिवाय बाटलीतल्या द्रवाचा वायू होताना आत जाणारी हवा गार पडते, म्हणजे नॉकिंगलाही (मिश्रण अवेळी भडकून इंजिन ठोके देतं त्याला) थोडा आळा बसतो.

आता हा पिस्टन हातात घेऊन बघा. माथा वितळून भोक पडलंय. माझ्याच गॅरेजात उघडलेल्या इंजिनातला आहे. मे महिना, बंद डिकी, आत बाटली. नायट्रस ३६.४ अंशांच्या वर द्रव राहतच नाही, आणि आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याच्या कितीतरी पुढे जाते. बाटलीतला दाब चढला, जेटमधून, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकातून, ठरल्यापेक्षा जास्त गॅस गेला, पेट्रोल मात्र तेवढंच राहिलं. मिश्रण लीन झालं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं, आच वाढली आणि पिस्टन गेला. इंजिन पुन्हा बांधायचा खर्च किटच्या कितीतरी पट झाला. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे.

सुपरचार्जरलाही उष्णता चुकत नाही. दाबलेली हवा तापते, म्हणून ती गार करायला इंटरकूलर, जादा पेट्रोल फवारायला मोठे इंजेक्टर, आणि सगळं जुळवायला नवं ट्यूनिंग. किटच्या पावतीवर हे सगळं असेलच असं नाही, आधी विचारून घ्या.

आणि रस्त्यावरच्या गाडीत कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपाबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाहीत. गिऱ्हाइकाला हे काम घेण्याआधी सांगायचं, पैसे घेतल्यावर नव्हे.

नायट्रस असो की सुपरचार्जर, आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते गेजने मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली निघाला, तर पैसे आधी तिथे घाला. गेज मी आणलाय. बाहेर उभ्या गाडीचे प्लग काढा, येतोच.